गाडी म्हणजे भिंत नव्हे

दूधवाल्याची मारुती ओम्नी होती, सरकत्या दाराची. मालकाला डाव्या बाजूला ठळक अक्षरांत ‘भेसळमुक्त दूध’ हवं होतं. आमच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराने गाडीचा बाजूने फोटो काढला, त्यावर अक्षरं बसवली, मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. मालकाने अंगठा दाखवला. काम सुबक झालं, पैसेही मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्याच अपार्टमेंटसमोर मालकाने कॅन काढायला दार मागे सरकवलं. ‘भेसळ’ दारावर होतं आणि ‘मुक्त दूध’ मागच्या पत्र्यावर. दार मागे गेलं, ‘मुक्त दूध’ त्याच्याखाली झाकलं गेलं आणि गाडीवर लाल रंगात एकटं ‘भेसळ’ उरलं. दूध घालायचं तर दार उघडावंच लागतं. म्हणजे गिऱ्हाईक पातेलं घेऊन समोर आलं की नेमकं हेच वाचायचं.

मालक सात वाजता दुकानात हजर. पोरगं रडायच्या बेतात आलं होतं. मी त्याला एवढंच म्हणालो, “फोटोतलं दार सरकत नाही बाबा. पुढच्या वेळी गाडीपाशी जा, सगळी दारं उघडून बघ आणि मग माऊसला हात लाव.”

ते पोरगं म्हणजे या पुस्तकाचा लेखक. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, माझ्यापेक्षा मोठं मशीन आहे, हाताखाली पाच माणसं आहेत. तालुक्याच्या गावी ग्राफिक्सचं आणि गाड्यांच्या रॅपिंगचं दुकान कसं चालवावं यावर त्याने हे पुस्तक लिहिलं, आणि प्रस्तावना मीच लिहावी असा हट्ट धरला. माझा जन्म अक्षरं रंगवण्यात गेला, लेख लिहिण्यात नाही. तेव्हा ब्रश चालतो तशी ही प्रस्तावना चालेल. कुठे जाड, कुठे बारीक.

आधी धंद्याच्या नावाचं बघू. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागात आम्हाला ‘रेडियमवाले’ म्हणतात. दुकानाच्या पाटीवर ‘रेडियम आर्ट’ असतं, आणि काचेवर चिकटवलेलं देवाचं नाव साध्या काळ्या विनाइलचं असलं तरी ते ‘रेडियम’च. खरं रेडियम क्युरी पतिपत्नींनी १८९८ साली शोधलं. पुढे ते घड्याळाच्या काट्यांवर लावायच्या, अंधारात चमकणाऱ्या रंगात पडलं. तो रंग भरणाऱ्या कारखान्यांतल्या मुली त्यापायी आजारी पडल्या, काही दगावल्या, आणि कालांतराने तो रंग बंद झाला. नाव मात्र मागे राहिलं: रात्री चमकतं ते रेडियम. आमच्या पट्टीत तसलं काहीही नसतं, आणि ती स्वतःहून चमकतही नाही. तिच्या पोटात काचेचे बारीक मणी असतात किंवा लोलकासारखी नक्षी असते. दिव्याचा उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला ती परत धाडते. म्हणून रस्त्याकडेला उभ्या माणसाला ती मळकट दिसते आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला लख्ख.

आमच्या धंद्यात कुणाचा जीव वाचवणारं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच दाखवीन. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. ऊस फाळक्याच्या बाहेर हातभर आलेला, मागचा दिवा असला तर असला. नियम साधा आहे: पुढे पांढरी पट्टी, बाजूला पिवळी, मागे लाल. पण पट्टी कुठे लावायची ते नियमाच्या ओळीत सापडत नाही. रिकाम्या ट्रॉलीच्या फाळक्यावर वरच्या कडेला लावलेली लाल पट्टी फार छान दिसते. ट्रॉली भरली की बाहेर आलेल्या उसाखाली ती गडप होते. खाली, चासीच्या आडव्या लोखंडावर लावली तर दिसते, पण चाकाचा चिखल तिच्यावर बसतो. मग आम्ही दोन्हीकडे लावतो आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, “वजनकाट्यावर थांबलास की फडकं मार.” दहातला एखादा मारतो.

एवढ्यावरून माझं म्हणणं ध्यानात आलं असेल. गाडी म्हणजे भिंत नव्हे. भिंत जागची हलत नाही, तिचं दार सरकत नाही, तिच्यावर ऊस लादत नाहीत, तिला पाइप लावून दर रविवारी धुत नाहीत. या पुस्तकातल्या सतरा प्रकरणांत लेखकाने जे सांगितलंय ते बहुतेक या एकाच वाक्यातून निघालंय. त्याला तसं वाटत नाही हा भाग वेगळा.

आमच्या आधीच्या पेंटर लोकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कोल्हापुरात ‘पेंटर’ हा शब्द आडनावासारखा माणसाला चिकटतो. बाबूराव मेस्त्री यांचे बाबूराव पेंटर झाले ते याच गावात. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस कॅमेरा स्वतः तयार करून १९२० साली ‘सैरंध्री’ चित्रपट घेऊन आला. आम्ही त्या घराण्याचे म्हणवून घेण्याच्या लायकीचे नव्हे, पण गल्लीतला अक्षरं रंगवणारा माणूससुद्धा स्वतःला ‘पेंटर’ म्हणवून घेताना छाती थोडी पुढे काढायचा, त्यामागे ही हवा होती. मी १९८६ साली उद्यमनगरात एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. पहिले सहा महिने डबे धुतले. मग दोरी धरायला मिळाली. खडूच्या भुकटीत लोळवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना धरायचा, ताणायचा, मधे बोटाने उचलून सोडायचा, की ट्रकच्या पाटीवर पांढरी सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेघ यायची. अक्षरं नंतर.

एक ट्रक रंगवायला तीन-चार दिवस लागायचे. तेवढे दिवस पेंटर त्या ट्रकच्या भोवती, खाली, वर असायचा. क्लीनर कुठल्या बाजूने चढतो, ड्रायव्हरचा तेलकट हात दारावर नेमका कुठे पडतो, डिझेलच्या टाकीचं झाकण काढलं की ओघळ कुठून खाली येतो, हे सगळं त्याला बघून बघून पाठ व्हायचं. म्हणून मालकाचं नाव तो कधी ओघळाच्या वाटेत काढायचा नाही. अक्षर काढायला वेळ लागायचा, आणि त्या वेळातच गाडी कळायची. आता दोन तासांत काम होतं आणि गाडी कळायच्या आत निघून जाते. मशीनला मी नावं ठेवत नाही, माझंही पोट त्याच्यावरच चाललं. फक्त तो मधला वेळ गेला आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही आलं नाही. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मी शेकड्यांनी काढलं असेल. २०१५ साली महाराष्ट्रात परिवहन खात्याने त्याच्यावर बंदी आणली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. हात इतका बसला होता की पुढे वर्षभर रिकामा फाळका बघितला की बोटं शिवशिवायची.

नव्वदीत हाताने कापलेलं रेडियम आलं. काचेच्या तुकड्यावर पट्टी ठेवायची आणि ब्लेडने देवाचं नाव कापायचं. मग २००३ साली मी कर्ज काढून कटिंग प्लॉटर घेतला. गावात नवीनच होता, लोक मशीन बघायला यायचे. पहिल्याच दिवशी मशीनने मला मराठीचा एक धडा दिला, तो इथे सांगतो, कारण इंग्रजीतून शिकून आलेल्या पोरांना तो कुठेच मिळत नाही.

इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेघेने बांधलेली. कॉम्प्युटरमध्ये ‘महालक्ष्मी’ टाइप केलं की डोळ्याला ती रेघ सलग दिसते, पण आतून प्रत्येक अक्षराचा आपला तुकडा असतो आणि शेजारच्या तुकड्यावर तो किंचित चढलेला असतो. मशीनच्या सुरीला डोळे नाहीत. ती प्रत्येक तुकड्याच्या कडेने जाते. मी बटण दाबलं, मशीन झकास चाललं, आणि नको तो भाग सुईने सोलायला बसलो तर प्रत्येक जोडावर शिरोरेघ कापलेली. काना वेगळा, वेलांटीचं टोक भलतीकडे. देवीचं नाव हातात मुरमुऱ्यासारखं आलं. कापायच्या आधी सगळे तुकडे ‘वेल्ड’ करून एकसंध करायचे असतात, हे कळायला मला दोन दिवस आणि तीन मीटर विनाइल लागलं. एकदा वेल्ड केलं की मग मराठीसारखं सुख नाही. इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं दहा ठिकाणी सरकतात, मराठी शब्द शिरोरेघेला धरून अख्खा उचलता येतो.

फॉन्टची कटकट मात्र अजून संपलेली नाही. युनिकोड येऊन किती काळ लोटला, तरी आमच्या धंद्यात आजही निम्म्या फाइली जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये येतात. तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसेल तर स्क्रीनवर कावळ्याचे पाय उमटतात. म्हणून “कर्व्ह करून पाठवा” हे आमचं दिवसातून वीस वेळा म्हणायचं वाक्य. कर्व्ह केलेल्या फाइलीत मग चूक सापडली तर दुरुस्त करता येत नाही, कारण आता ती अक्षरं राहिली नाहीत, नुसते आकार झाले. ‘शुभाशीर्वाद’मधला रफार कुठे बसतो यावर मी एका डिझायनरशी फोनवर अर्धा तास भांडलोय. तो म्हणाला, “काका, बघतंय कोण?” बघतात. गावात निवृत्त मास्तर पुष्कळ असतात, आणि त्यांना दुसरं काम नसतं.

सुबक मराठी अक्षर म्हणजे काय ते आम्ही वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती बघून शिकलो. कमल शेडगे यांनी काढलेली नावं आम्ही कात्रणं करून एका वहीत ठेवायचो. नाटकाचा स्वभाव त्या नावाच्या वळणातच असायचा. २०२० साली ते गेले तेव्हा आमच्या उस्तादांच्या घरी ती वही अजून होती. आता ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे मुंबईत घडलेले चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, ही मोठीच सोय आहे. तोटा एवढाच की पापडवाल्याची गाडी, दवाखान्याची गाडी आणि क्लासवाल्याची गाडी एकाच आवाजात बोलायला लागल्या. या पुस्तकातलं अक्षरांवरचं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं ते यासाठी. तयार फॉन्टमधलं एखादं अक्षर हाताने थोडं बदलून घ्यायला लेखक शिकवतो. एका ‘र’चा पाय बदलला तरी गाडी ओळखू येते.

आता रॅपिंग. यात दोन जातीचं विनाइल असतं. एक लाटलेलं, ज्याला बाजारात कॅलेंडर्ड म्हणतात. ते जाड आणि स्वस्त. दुसरं कास्ट, म्हणजे ओतून केलेलं, साधारण पन्नास मायक्रॉनचं, पातळ आणि महाग. लाटलेल्याला आपण मुळात गोळा होतो याची आठवण असते. सपाट पत्र्यावर ते गुमान बसतं, पण बोनेटच्या वळणावर किंवा दाराच्या खाचेत ताणून बसवलं तर काही आठवड्यांत परत आकसतं. खाचेवर तंबू उभारल्यासारखं उचलतं. कास्टला तशी ओढ कमी. तरी खाचेत बसवल्यावर त्याला हीट गनने शेवटची धग द्यावी लागते, साधारण नव्वद-शंभर अंशांपर्यंत, म्हणजे ते नवा आकार धरून बसतं. गिऱ्हाइकाला हा फरक दुकानात दिसत नाही. चैत्रातल्या उन्हात दिसतो. पुस्तकात लेखकाने स्पष्ट लिहिलंय की सपाट टेम्पोला कास्ट विकू नका आणि गोलाईच्या कारला कॅलेंडर्ड विकू नका. पहिलं गिऱ्हाइकाचं नुकसान आणि दुसरं तुमचं. हे वाक्य त्याने माझ्याकडून घेतलंय, पण असू दे.

मोठ्या गाडीला एका पन्ह्यात काम होत नाही. प्रिंटचा रोल पन्नास इंची घेतला आणि टेम्पोची बाजू साडेचार फूट उंच असली तर चार इंचासाठी दुसरा पट्टा जोडावा लागतो. जोड कसा द्यायचा? कौलं चढवतात तसा. कौलारू घरावर खालून वर चढत जातात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी आत शिरत नाही. गाडीवर उभे पट्टे मागून पुढे लावत यायचं, म्हणजे पुढचा पट्टा मागच्यावर चढतो आणि वाऱ्याला कड उचलायला सापडत नाही. आडव्या जोडाला खालून वर. आमच्याकडे पावसाळ्यात काम करणाऱ्याला हे पटकन समजतं.

एक चूक माझी स्वतःची सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक ट्रॅव्हल्सवाले आले. नवी गाडी, सकाळी पूजेचा मुहूर्त, “आज रात्रीत पायजेल.” प्रिंट काढली. सॉल्व्हंट शाईची प्रिंट निदान एक दिवस मोकळी ठेवायची असते, म्हणजे शाईतला द्रव उडून जातो. मला ते ठाऊक होतं. तरीही तासाभरात वरून लॅमिनेशन चढवलं आणि पहाटे तीनला गाडी दिली. पूजा झाली, फोटो निघाले, पेढे आले. कोंडलेला द्रव मग खाली गोंदात उतरला. दिवाळीपर्यंत सगळ्या कडा वाळल्या पानासारख्या वळल्या होत्या. पूर्ण काम फुकट पुन्हा केलं. तेव्हापासून दसऱ्याच्या आठ दिवस आधी दुकानात पाटी लागते: ‘आज दिलेले काम आज मिळणार नाही.’ तिच्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती अजून आहेत.

गिऱ्हाइकाशी खरं भांडण जागेवरून होतं. नाव हवं, आडनाव हवं, वडिलांचा फोटो, दोन फोन नंबर, पूर्ण पत्ता, मालाची यादी, ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’, आणि वर ‘बाळूमामांच्या नावानं चांगभलं’. “एवढं कशाला?” म्हटलं तर उत्तर तयार असतं: “जागा हाय की! मोकळी कशाला सोडायची? पैसं तर सगळ्या गाडीचं घेताय.” पुण्याची ती ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी दुकानाच्या भिंतीवर शोभते, कारण तिथे माणूस चक्क्याची वाट बघत उभा असतो. ताशी चाळीसने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. रस्त्याकडेच्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात ती फार तर तीन सेकंद. तेवढ्यात एक नाव आणि काय विकतो तो एक शब्द, बस्स. फोन नंबर बाजूला लिहायचाच नाही. तो मागे. सिग्नलला, टोलनाक्यावर, गर्दीत मागच्या मोटरसायकलवाल्याला तोच फाळका दोन मिनिटं बघावा लागतो, त्याला दुसरं करायला काही नसतं. बाजू ओझरती बघायची आणि पाठ वाचायची, असं मी पोरांना सांगतो. मोकळी जागा सोडण्याचे पैसे मागायला आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त धाडस लागतं.

बाजूंचाही एक घोळ असतो. डाव्या बाजूला उभं राहिलं की गाडीचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं, उजव्या बाजूला उभं राहिलं की उजव्या. पळत्या घोड्याचं चित्र दोन्हीकडे जसंच्या तसं लावलं तर एका बाजूला घोडा गाडीच्या उलट पळतो. चित्र पलटावं, तर त्यातली अक्षरं पलटतात. हे सांगायला सोपं वाटतं. शहरातल्या एका मोठ्या एजन्सीकडून आलेली फाइल मी स्वतः पाहिली आहे, तिच्यातली रुग्णवाहिका उजवीकडून रिव्हर्समध्ये निघाली होती.

आणि नंबर. एका गादीवाल्याच्या तीन टेम्पोंवर आम्ही दहा आकड्यांतला एक चुकीचा छापला. मालकाने बघून होकार दिलेला, मी बघितलेलं, पोराने बघितलेलं. आपल्याला जो नंबर पाठ असतो तो आपण वाचतच नाही, म्हणतो. चार महिने एका भल्या गृहस्थाला रात्री-अपरात्री गाद्यांच्या ऑर्डरी यायच्या. त्याने शेवटी त्यातलीच एक गाडी अडवली आणि ड्रायव्हरकडून आमचा पत्ता घेतला. दुकानात आला, रागावला नाही, चहा घेतला, म्हणाला, “भाव काय सांगू लोकांना, एवढं तरी सांगून ठेवा.” तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: प्रिंट टेबलावर पसरली की जो काम करत नव्हता त्याने त्या प्रिंटवर बघून फोन लावायचा. पलीकडे मालक बोलला तरच सुरी चालवायची.

कायद्याचं प्रकरण नवीन दुकानदाराने आधी वाचावं, मग मशीनचं. आमचा निम्मा धंदा कायद्याने कधी वाढवला, कधी एका रात्रीत बुडवला. २०१२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली. पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के उजेड आरपार जायला हवा, हा नियम आधीपासून होता. कोर्टाने वरून चिकटवायची फिल्मच नको म्हटलं. ज्यांनी गेल्या महिन्यात आमच्याकडे फिल्म बसवली ते या महिन्यात काढायला आले. बसवायचे पैसे घेतले होते, काढायचे मागताना जीभ रेटेना.

नंबरप्लेट ही तर आमची रोजची मीठ-भाकर होती. ४१४१ म्हणजे ‘दादा’, २१४ म्हणजे ‘राम’, ८०५५ म्हणजे इंग्रजी ‘बॉस’. आकड्यांना शेपटं आणि कमानी जोडून त्यांतून नाव काढायची ही कला आमच्या भागात फार बहरली. ती बेकायदा होती हेही खरं. आकड्याची उंची, जाडी, मधलं अंतर, सगळं नियमात मिलिमीटरमध्ये दिलेलं आहे. चारचाकीला पासष्ट मिलिमीटर उंची, दहा जाडी, दहा अंतर. मी ‘दादा’ कितीदा कापलं ते विचारू नका. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्या अशोकचक्राचा होलोग्राम आणि न निघणारं कुलूप असलेल्या सरकारी धाटणीच्या प्लेटनेच रस्त्यावर यायला लागल्या. पुढे जुन्या गाड्यांनाही ती लागू झाली. नुसत्या नंबरप्लेटवर चालणारी कितीतरी छोटी दुकानं त्यात मिटली. उरली ती ज्यांनी वेळेवर दुसरं काहीतरी शिकून घेतलं होतं ती.

गाडीचा सगळा रंग बदलणारं रॅप मागायला हल्ली पोरं येतात. काळी गाडी मॅट हिरवी पाहिजे. नोंदणीच्या पुस्तकात रंग लिहिलेला असतो, तेव्हा आरटीओत नोंद करून घ्या असं आम्ही बिलावर छापूनच देतो. ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘महाराष्ट्र शासन’ मागणाऱ्याला ओळखपत्र मागतो. माझा मेहुणाही एकदा त्यावरून रुसला. रुसू दे.

पैशाबद्दल लेखकाने मोकळेपणाने लिहिलंय, आणि या विषयावर मराठीत इतकं मोकळं लिहिणारे थोडे. चौरस फुटाचा दर सांगून काम घेणारा दुकानदार टिकत नाही, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गाडी मोजून तीस फूट भरते, वळणांना, जोडांना, चुकीला धरून चाळीसच्या वर लागतं, आणि हँडल, आरसे, बिजागऱ्या सोडवायला जो वेळ जातो तो कुठल्याच फुटात बसत नाही. उधारीवर मात्र तो जरा मवाळ लिहितो. माझा अनुभव कडू आहे. निवडणुकीच्या गाड्यांचं काम पूर्ण पैसे हातात पडल्याशिवाय घेऊ नये. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो.

माझी एक तक्रार आहे, ती लेखकाला तोंडावर सांगितली आहे आणि त्याच्या परवानगीने इथे लिहितो. लावण्यावर त्याने दोनशे पानं लिहिली आणि काढण्यावर दीड. पण प्रत्येक विनाइल कधीतरी निघायचंच असतं. वेळेत काढलं तर धग देऊन सालीसारखं निघतं. मुदत उलटून दोन-तीन वर्षं उन्हात राहिलं की पापड होतो, नखाएवढे तुकडे निघतात आणि गोंद पत्र्यावरच राहतो. कंपनीच्या मूळ रंगावरून ते सुखाने निघतं, पण एखाद्या दाराला अपघातानंतर गॅरेजमध्ये रंग मारलेला असेल तर तो रंग विनाइलबरोबर सोलून येतो, आणि मालक म्हणतो तुम्हीच काढला. म्हणून लावायच्या आधीच विचारावं, “गाडी कुठे ठोकली होती का?” लोक खोटं सांगतात. दारावर बोट वाजवून आवाज ऐकावा, लांबी भरलेला पत्रा बद्द बोलतो. हे सगळं त्याला ठाऊक आहे, त्याने लिहायला हवं होतं. आणि काढलेल्या त्या गोळ्याचं काय करायचं, हेही. माझ्या दुकानामागे दर महिन्याला पोतं-दोन पोती जमतात. भंगारवाला घेत नाही, जाळलं तर घातक धूर होतो, शेवटी घंटागाडीत जातं. याचं उत्तर माझ्याकडेही नाही, पण पुस्तकात प्रश्न तरी असावा. दुसऱ्या आवृत्तीत घालतो म्हणालाय.

गेल्या महिन्यात एक जुनी मॅटॅडोर रॅप काढायला आली. मालकाचा मुलगा आता गाडी विकणार होता. विनाइलचा एक कोपरा उचलला आणि खाली एनॅमलची निळी शेड दिसली. माझीच. ‘प्रसन्न’मधला ‘प्र’ मी त्या काळात जरा पोट काढून लिहायचो, त्यावरून ओळखलं. हीट गन बारीक करून सावकाश ओढत गेलो. ‘श्री’ तसाच राहिला, ‘प्रसन्न’ मात्र अर्धा पत्र्यावर आणि अर्धा विनाइलच्या पाठीला उलटा चिकटून माझ्या हातात आला. मुलगा म्हणाला, “काका, ते पण घासून टाका, गिऱ्हाइकाला साफ पत्रा पायजेल.” घासलं. त्याचे वेगळे पैसे लावले.

आज दुपारी शाळेची एक पिवळी बस यायची आहे, तपकिरी पट्टा आणि नाव नव्याने करायला. त्याआधी अंगण झाडून पाणी मारायला हवं. धूळ बसल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही.